दोन बोटे समास

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एकोणपन्नास, विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तके बांधणारा आणि गेली तीन वर्षे त्याच विद्यापीठात इतिहास व राज्यशास्त्र शिकणारा विद्यार्थी, प्रभूला स्मरून हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डोक्यातली गाठ बुद्धीच्या जागेपासून दूर आहे असे डॉक्टरांनी चित्र दाखवून सांगितले आणि तसा दाखलाही दिला. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. जे आहे ते माझ्या मनाचे आहे, आणि वकील म्हणाले की कायदा ते धरत नाही.

गुरुवारी, तेवीस तारखेला, शस्त्रक्रिया आहे. मी डॉक्टरांना विचारले, "उठेन का?" ते म्हणाले, "आम्ही प्रयत्न करतो, तुम्ही प्रार्थना करा." माझ्या धंद्यातही पान अगदीच कुजलेले असले की आम्ही गिऱ्हाइकाला असेच काहीतरी सांगतो. अठ्ठावीस तारखेला विद्यापीठाच्या नियामक मंडळाची बैठक आहे. या दोन तारखांच्या मध्ये मी नसेन किंवा बोलू शकणार नसेन, असे धरून पुढे लिहितो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. देण्यासारखे काही आहे असे कधी वाटलेच नव्हते.

एक. ग्रंथालयामागच्या गल्लीतले दोन खोल्यांचे घर आणि पोस्टात जे काही असेल ते सर्व माझ्या पत्नीचे. मागच्या दाराची कडी वर उचलून ओढावी लागते. हे तिला माहीत आहे, पण माझ्यानंतर घरात येणाऱ्याला माहीत नसेल.

दोन. माझे दाभण, दोन्ही सुया, हाडाची पट्टी आणि खळीचे पितळी भांडे माझ्या जोडीच्या कारागिराला द्यावे. त्याला सगळे चिकटराव म्हणतात. मी वर्गात नाव घातले तेव्हा तो म्हणाला होता, "काका, आयुष्यभर पुस्तकांची पाठ चोळलीत, आता तोंड बघायची हौस आली का?" त्यावर सगळी खोली हसली, मीही हसलो. पण परीक्षेच्या दिवसांत माझ्या वाटची जुजबंदी, म्हणजे पानांच्या घड्यांची शिवण, तो न सांगता करून ठेवायचा. त्याला एकच अट. जुन्या हस्तलिखिताचा समास कापायचा नाही. पुस्तक कपाटात मावत नसेल तर कपाट बदलायला सांगावे.

तीन. माझी लोखंडी मोजपट्टी निवृत्त ग्रंथपालांना द्यावी. त्यांच्यावर माझा राग नाही असे लिहिणार होतो, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. राग आहे. का, ते पुढे येईल. मोजपट्टी त्यांनी टेबलावर डोळ्यांसमोर ठेवावी, एवढीच विनंती.

चार. माझी इतिहासाची आणि राज्यशास्त्राची पुस्तके, वह्या आणि अपुरा प्रबंध माझ्या मुलीला. ती अठरा वर्षांची आहे आणि येत्या सत्रात तिला हेच विषय घ्यायचे आहेत. घेता येतील की नाही, हे अठ्ठावीस तारखेला ठरेल. म्हणून पाचवे कलम लांबले तर वाचणाऱ्याने कंटाळू नये.

पाच. विद्यापीठ ज्या जमिनीवर उभे आहे ती माझ्या गावाची होती. माझ्या पणजोबांच्या पिढीने ती मिशनला दिली. तेव्हापासून दर वर्षी गावातली चार मुले विद्यापीठात विनाशुल्क शिकतात. त्यांना 'गावजागा' म्हणतात. गावच्या शाळेत आम्हाला मास्तर सांगायचे, "चार खुर्च्या तुमची वाट बघताहेत, पुसून तरी या." मी बारावीनंतर बांधणीत शिरलो आणि त्या खुर्च्या लांबूनच पाहिल्या. माझ्या शेहेचाळिसाव्या वर्षी गावातून चौथे मूल आले नाही, म्हणून पत्नीने मला अर्ज भरायला लावला. एकोणीस वर्षांच्या मुलांमध्ये मी बसलो. बाकाला गुडघे लागायचे. पहिल्या दिवशी सगळे उठून उभे राहिले, त्यांना वाटले सर आले.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले होते. सकाळी प्रार्थनामंदिराची घंटा झाली की मी हातावरची खळ धुऊन वर्गात जायचो. राज्यशास्त्राचे सर सांगायचे की न लिहिलेला रिवाजही राज्याला बांधतो. इतिहासाच्या बाई सांगायच्या की कागद काय बोलतो ते ऐका, आणि काय बोलत नाही तेही ऐका. मी गप्प बसून ऐकायचो. देवाच्या घरात बसतो तसाच.

गेल्या वर्षी नव्या नियामक मंडळाने गावजागांबद्दल पत्र काढले. परंपरेचा आदर आहे, पण लेखी आधार दाखवा, नाहीतर जागा बंद. बाईंनी शोध सुरू केला. त्यांना पहिल्या प्राचार्यांच्या रोजनिशीत एक ओळ सापडली. जमीन स्वीकारण्याची बैठक आटोपून वृत्तान्त लिहून झाल्यावर गावकरी दारात आले. पायी आल्यामुळे त्यांना उशीर झाला होता. म्हणून 'त्यांना दिलेले वचन आणि त्यांचे अंगठे तिसऱ्या खंडाच्या समासात घेतले' असे प्राचार्यांनी लिहिले होते.

बाई आनंदाने बैठकांच्या वृत्तान्तांचा तिसरा खंड घेऊन वर्गात आल्या. आम्ही सगळे टेबलाभोवती उभे राहिलो. त्यांनी पान काढले. वृत्तान्त होता. त्यात फक्त 'जमीन आभारपूर्वक स्वीकारली' एवढेच होते. बाहेरच्या बाजूला समास नव्हता. अक्षरे संपत होती तिथेच पान संपत होते.

बाईंनी कडेवरून बोट फिरवले. "कापलंय," त्या म्हणाल्या. "सुरेख कापलंय. ज्यानं कापलं त्याचा हात चांगला होता."

मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, काका सांगतील ना, त्यांचाच धंदा आहे."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "जुनी बांधणी आहे. सांगता येत नाही."

सहा. सांगता येत होते. ते मी कापले होते.

अठरा वर्षांपूर्वी, माझी मुलगी जन्मली त्या आठवड्यात, नवी लोखंडी कपाटे आली. ग्रंथपाल म्हणाले, "सगळे खंड एका मापात आण. उंच नको, रुंद नको." मी म्हणालो, "समासात कुठे कुठे शाई आहे." ते म्हणाले, "समास कशासाठी असतो? सुरीसाठी." आमच्या धंद्यात हे सगळेच म्हणतात. तिसऱ्या खंडाच्या त्या पानावर निळसर डाग होते. मला वाटले ओल आली आहे. दोन बोटे समास कापून घेतला आणि डाग गेले म्हणून मला बरे वाटले. ते डाग नव्हते. ते अंगठे होते. त्यात एक माझ्या पणजोबांचा असणार.

प्रबंधात मी लिहिले, 'सदर पुरावा काळाच्या ओघात नष्ट झाला.' बाईंनी त्याखाली लाल रेघ मारून लिहिले, 'काळाला हात असतात का? कोणी नष्ट केला, ते शोधा.' ते पान मी अजून दुरुस्त केलेले नाही. या कलमाने करीत आहे.

सात. आता यातली आशा सांगतो. पुस्तकाच्या पाठीवर आतून कागदाचे अस्तर लागते. त्यासाठी नवा कागद कोणी वापरत नाही. कापलेल्या पट्ट्या टोपलीत असतात, त्याच लावतात. म्हणजे समास फेकला गेला नाही. त्या महिन्यात मी बांधलेल्या कोणत्या तरी पुस्तकांच्या पाठीत तो आहे. त्या महिन्यात मी तीनशे बारा पुस्तके बांधली. गेले वर्षभर मी दुरुस्तीच्या नावाखाली एकेक पुस्तक काढतो, ओल्या फडक्याने खळ मऊ करतो, पाठ उघडतो, बघतो आणि पुन्हा बांधतो. चिकटरावाला वाटते काकांना कामाचे वेड लागले. दोनशे शहाऐंशी झाली. एका भूगोलाच्या पुस्तकात वीतभर तुकडा मिळाला. पहिल्या प्राचार्यांचे तिरके अक्षर, दर ओळीत दोन-तीनच शब्द: 'जोवर ही घंटा वाजते तोवर.' बाकी काही नाही. काय तोवर, ते नाही.

तो तुकडा माझ्या वहीत आहे. उरलेल्या पुस्तकांची यादीही तिथेच आहे. अकरा रद्दीत गेली आहेत, चौदा कपाटात आहेत. हात थरथरू लागल्यापासून सुरी सरळ चालत नाही. मला फार भीती वाटते. मरणाची नाही म्हणालो तर तेही खोटे होईल, पण त्याहून जास्त अठ्ठावीस तारखेची.

आठ. बेरीज तीनशे अकराच येते, हे कोणाच्याही लक्षात येईल. तीनशे बारावे पुस्तक माझ्या घरी आहे. मुलगी जन्मली म्हणून त्या आठवड्यात मी तिच्यासाठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, बांधले, काळ्या कापडात, माझ्या हातचे सर्वांत चांगले काम. ज्या दिवशी तिसरा खंड कापला त्याच दुपारी, त्याच टोपलीतल्या पट्ट्या लावून. म्हणजे शोध तिथून सुरू व्हायला हवा होता. मी तिथे शेवटपर्यंत गेलो नाही.

पत्नीला मी सांगितले, देवाच्या वचनावर सुरी चालवायची नाही. ती म्हणाली, "अहो, देवाला सगळं माहीत आहे म्हणता ना? मग त्या बाईंना सांगायला काय धाड भरलीय? तुम्हाला शास्त्र फाटेल ही भीती नाही. आत सापडेल ही भीती आहे."

ती खरे बोलली. सापडले असते तर कुठून आले, कोणी लावले, कोणी कापले, हे सांगावे लागले असते. गावच्या खुर्चीत बसून मी गावाचा कागद कापलेला माणूस झालो असतो. मला पदवी हवी होती. बाईंनी मला चांगला म्हणावे, हेही हवे होते.

नऊ. इथवर लिहून मी काल थांबलो. आज सकाळी मुलीला सगळे वाचून दाखवले. ती उठून आत गेली. आपले शास्त्र आणून तिने माझ्यापुढे ठेवले. "बाबा, माझंच आहे ना? मग उघडा."

"माझा हात हलतो गं."

"मी धरते."

तिने माझे मनगट धरले आणि मी सुरी लावली. कापड निघाले, अस्तर भिजवले, सोडवले. एकावर एक दोन पट्ट्या होत्या. वरची कोरी. खालच्या पट्टीवर अक्षर एकही नाही. एकाखाली एक सात अंगठे होते. निळे, स्वच्छ, सुरीने फक्त शेवटच्याची कड घेतलेली.

वचनाचे शब्द अजून चौदा पुस्तकांत असतील, किंवा रद्दीत. 'चार मुले' हे दोन शब्द माझ्याकडे नाहीत. अंगठे आहेत, घंटा आहे, आणि ज्याने कापले त्याची साक्ष आहे. बाईंनी आम्हाला शिकवले होते की कागद नसेल तर पाहणाऱ्याची साक्ष हाही पुरावा असतो, मात्र त्याने आपले नाव आणि आपला स्वार्थ लपवता कामा नये. माझी मुलगी गावजागेवर शिकावी हा माझा स्वार्थ आहे. तो इथे लिहून ठेवतो.

दहा. घंटेच्या ओळीचा तुकडा, अंगठ्यांची पट्टी, यादी आणि माझी सुरी इतिहासाच्या बाईंना द्यावी. त्यांनी हे मृत्युपत्र अठ्ठावीसच्या बैठकीत सहाव्या कलमापासून मोठ्याने वाचावे. त्यांना काही मिळते म्हणून त्यांना साक्षीदार करता येत नाही असे वकील म्हणाले. चौदा पुस्तके त्यांनी चिकटरावाकडून उघडून घ्यावीत. तो कुरकुर करील, पण करील.

अकरा. मृत्युपत्र मेल्यावर लागू होते. माझी पहिली चार कलमे तशीच लागू व्हावीत. पाच ते दहा मात्र मी जगलो तरी लागू आहेत. शुद्धीवर येऊन मी ती मागे घेऊ लागलो, तर ते औषधाच्या गुंगीतले बोलणे समजावे आणि माझे ऐकू नये. यासाठीच आजच बाईंकडे दहाव्या कलमापर्यंतची एक प्रत मुलगी घेऊन गेली आहे. तिच्या पावलांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत मी ऐकला. आता परत बोलावता येणार नाही.

या कागदाला मी बाहेरच्या बाजूने दोन बोटे समास सोडला आहे. सही मला येते, ती खाली केली आहे. अंगठा समासात उमटवला आहे. तो कोणी कापू नये.

लिहून देणार: सही आणि डाव्या हाताचा अंगठा, बांधणीचा कारागीर, तृतीय वर्ष, इतिहास व राज्यशास्त्र.

साक्षीदार एक: ज्यांनी माझी बुद्धी तपासली ते डॉक्टर. सही.

साक्षीदार दोन: शेजारचे शिंपी. सही. (वाचल्यावर म्हणाले, "कापण्यात चूक आमचीही होते, पण आमचं गिऱ्हाईक तिथंच ओरडतं.")

आम्हा दोघांसमक्ष लिहून देणाराने स्वखुशीने सही केली व अंगठा उमटवला.

स्थळ: राहत्या घरी, पुढची खोली. दिनांक वीस, सोमवार, दुपारची घंटा वाजत असताना.