नरमाईनं घालवलेली वाट

लासुर्णे, पौष महिना

तीर्थस्वरूप तात्यांस धाकट्या गोजराचा दंडवत. हितं समदी धडधाकट हायेत. तुमचा गुडघा कसा हाय? वहिनींना एरंडाचा पाला बांधाय सांगा, आन भिगवणच्या ठेसनावर दिवसभर गप्पा हाणत बसू नका.

तर, केस हरले. कुंडलिकरावाच्या (म्हंजी तुमच्याच व्याह्याच्या) पल्याडच्या तुकड्यातल्या उसाच्या गाड्या माझ्या वांग्यांतनं त्याच्या सडकेकडच्या मळ्यात जात्यात. मामलेदाराच्या कोर्टानं त्याला तशी वाट दिली, म्हणून मी मुंबईला हायकोर्टात रिट केलं, ते तुमास्नी ठाव हाय. एकल्या जज्जानं ते काढून टाकलं. मी वकिलाला म्हणलं, ह्याच कोर्टात दोन जज्ज जोडीनं बसत्यात, त्यांच्याम्होरं चला. तर म्हणतो, "बाई, तुमचं अपील चालत न्हाय." हायकोर्टानं रिटात सोताच्या अधिकारानं निकाल दिला, तर त्याच कोर्टातल्या दोघांपुढं जाता येतं. नुसतं खालच्या कोर्टाचं काम तपासलं, तर जाता येत न्हाय. (सासूनं सोता भाकरी थापली तर सासऱ्यापुढं नाव ठेवता येतं. सुनेची भाकरी नुसती उलटून "बरी हाय" म्हणाली, की गप गिळायची. मला तवा कळलं.)

आता आपण नुसतं तपासायलाच का सांगितलं? तुमच्यापायी! वकील "बाईंचा हक्क डावलला, हुकूम रद्द करा" असं झणझणीत लिहीत हुता. पर निघताना तुमी बजावलं हुतं, "गोजरा, थोरामोठ्यांच्या दारात भांडू नको. मामलेदारानं केलेलं जरा बघा, येवढंच म्हण." म्हणून मी समदं खोडाय लावलं. जन्मात एकदाच नरमाईनं बोलले, आन दोघा जज्जांचं दार बंद झालं. असू दे. माझं कुणावाचून अडत न्हाय. कुंडलिकरावाचं तोंड बघायचं न्हाय, हे पक्कं.

तुमची,
गोजरा

ता.क. आमच्या अंगाची कॅनॉलवरची मोरी खचली, माझ्या गाड्यांची सडकेकडं जायची वाट बंद झाली. माझा तोडलेला ऊस बांधावर वाळतोय. भवानीनगरच्या कारखान्याला न्यायला एकच वाट ऱ्हायली, कुंडलिकरावाच्या मळ्यातनं. इचारलं तर म्हणतो, "मामलेदाराकडं जावा की." तवा हे पत्र मिळताच निघा आन व्याह्याशी बोला.

आणिक ता.क. तुमी नरमाईनंच बोलणार. म्हणून वहिनींना संगं आणा. तुमी गाडीतच बसा.