सावरीची गादी

अब्बा, तुम्ही मला ज्या छडीनं मारलं ती अजून दुकानात आहे. त्याच खिळ्याला, जशी होती तशी. दुकान आता एका शिंप्याला वापरायला दिलंय. त्याला मी सांगून ठेवलंय, मशीन कुठंही मांड, पण त्या भिंतीला हात लावायचा नाही. तो मला थोडी खुळी समजतो. समजू दे. अहेरीतल्या अर्ध्या लोकांनी मला खुळी ठरवून झालंय, उरलेल्यांनी आळशी. आज सकाळी जरा बरं वाटत होतं म्हणून दुकानापर्यंत चालत गेले, छडी काढून हातात घेतली, पुन्हा खिळ्याला टांगली, घरी आले आणि आडवी झाले, ती आत्ता चार वाजता उठून बसतेय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एकदा सगळं सांगून टाकते. थांबत थांबत लिहीन, कारण एका दमात काहीच करणं मला जमत नाही.

लोकांना वाटतं पिंजारी म्हणजे पिंजणाची तात वाजवत कापूस पिंजणारा माणूस. खरं काम त्याच्या आधीचं असतं हे मला तुमच्यामुळं माहीत. वर्षानुवर्षं झोपून झोपून ढेप झालेली गादी कुणीतरी डोक्यावर घेऊन यायचं. तुम्ही खोळ उसवायचे, आतला कापूस अंगणात चटईवर पसरायचे आणि दुपारपर्यंत ऊन खाऊ द्यायचे. मग तोंडाला फडकं बांधून दोन्ही हातांत वेताच्या छड्या घ्यायचे आणि झोडायला लागायचे. धुळीनं अंगण भरून जायचं आणि तो काळपट, निर्जीव कापूस हळूहळू वर यायचा, हातभर फुगायचा. गिऱ्हाईक बघत राहायचं. तुम्ही प्रत्येकाला तेच सांगायचे, "कापूस मरत नाई भाऊ, दबते. ऊन अन् मार, दोनच दवा हायेत त्याच्या." मी लहान होते, मला ते जादूसारखं वाटायचं. आणि झोडण्याआधी तुम्ही एक चिमूट कापूस दोन बोटांत धरून ओढून बघायचे. धागा ताणला तर ठीक. तटकन तुटला तर तुम्ही ती गादी तशीच गुंडाळून परत द्यायचे. "याचा धागा गेला. याले मारलं तं भुसा होईन." असल्या कापसावर तुम्ही जन्मात कधी छडी उगारली नाही.

ताप आला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बोट टोचून काचेवर रक्त घेतलं, गोळ्या दिल्या, आठ दिवसांत ताप उतरला. पण उतरताना अंगातलं बळ घेऊन गेला. एक घागर आणली की दोन दिवस पडून. केस विंचरले की हात लटपटायचे. झोप लागायची, पण झोपून उठल्यावर झोपण्याआधीपेक्षा जास्त दमलेली असायचे. बोलताना साधे शब्द सापडायचे नाहीत, उजेड डोळ्यांत टोचायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मधूनच एखादा दिवस चांगला उगवायचा. त्या दिवशी मी भांडी घासायचे, चार घरी हसून यायचे, आणि पुढचे पाच दिवस अंगात ओला कापूस ठासून भरल्यासारखी पडून राहायचे. लोकांच्या लक्षात तो चांगला दिवस राहायचा. तुमच्याही.

तुम्ही मला दाखवायला नेलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. सायकलच्या ज्या कॅरियरवर गाद्या बांधायचे त्यावर मला बसवायचे, आणि मी पडू नये म्हणून माझ्या कमरेला दोरी घालून ती स्वतःच्या पोटाला बांधायचे. तसे आपण स्टँडवर जायचो, तिथून एस.टी.नं गडचिरोली, चंद्रपूर. हिवताप नाही. टीबी नाही. सिकलसेल नाही. प्रत्येक "नाही"ला तुमचा चेहरा खुलायचा आणि मी मान खाली घालायचे, कारण आजार सापडला नाही की मी खोटी ठरायचे. एकानं लोहाच्या गोळ्या दिल्या. एकजण माझ्याकडं न बघता तुम्हाला म्हणाला, लग्न लावून द्या, आपोआप उठेल. आणि शेवटचा तो खाजगी दवाखाना. प्रवासानं मी इतकी संपले होते की बाकावर आडवी झाले, हाक मारली तरी उठवेना. त्या डॉक्टरनं माझ्या भुवईच्या हाडात अंगठा रुतवला. मी कण्हले, पण उठले नाही. मग त्यानं अमोनियाचा बोळा माझ्या नाकावर दाबला आणि दुसऱ्या हातानं तोंड दाबून धरलं. मी गुदमरून, लाथा झाडत उठून बसले. "बघा, उठली ना?" तो हसत तुम्हाला म्हणाला, "हिला काहीही झालेलं नाही. घरी न्या, कामाला लावा." मी तुमच्याकडं बघितलं. माझ्या नाकातून पाणी गळत होतं आणि तुम्ही त्याला हात जोडत होते. छडीचा राग कमीजास्त होत असतो, अब्बा. त्या जोडलेल्या हातांचा राग आजही तेवढाच आहे.

घरी आल्यावर तुम्ही माझी खाट अंगणात काढली. वैशाख होता. पहिल्या दिवशी लाडानं म्हणाले, "ऊन लागू दे बेटा, आंग मोकळं होईन." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून आले ते छडी घेऊनच.

"उठ."

"मले उठता नाई येऊन राह्यलं, अब्बा."

"डॉक्टरनं सांगतलं ना, काई नाई झालं तुले. मंग काऊन पडून राह्यली? उठ!"

पहिला फटका मांडीवर बसला. अम्मी चुलीपाशी होती, ओरडत आली, "जवान पोरगी हाये हो, काऊन मारता?" तुम्ही तिला कोपरानं ढकललं. मग पाठीवर, दंडावर, पायांच्या नडग्यांवर. तुम्ही झोडताना कधी चिडलेले नसायचे, तेव्हाही नव्हते. एका लयीत, श्वास सांभाळून, काम करत असल्यासारखे मारत होते. कातडी फुटली आणि परकर भिजला. आणि मी उठले, अब्बा! भीतीनं माणूस उठतोच. उठून अंगण झाडलं, विहिरीवर गेले, दोन घागरी आणल्या. तुम्ही रडत होते. "पाह्यलं? उठली माही पोरगी!" शेजाऱ्यांना हाका मारून दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी मला मान वळवता येईना. तीन आठवडे अम्मीनं मला उचलून परसाकडं नेलं. तुम्हाला वाटलं, मार कमी पडला. मग पुन्हा ऊन, पुन्हा छडी, पुन्हा एक दिवस उठले, पुन्हा आणखी खाली गेले. दोन उन्हाळे हे चाललं. मी खाटेवर पडून तुमचा हात झडावा म्हणून दुआ मागायचे, पाचही नमाजांच्या वेळी. तुमच्या जेवणात काय कालवता येईल याचाही विचार केला होता. तुम्ही चिमूट ओढून का बघितली नाही? कुणाच्याही फाटक्या गादीला तुम्ही ती संधी द्यायचे. तुमच्या पोरीचा धागा एकदा बोटांत धरून बघायला तुमचं काय जात होतं?

शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरांकडं अम्मीनं नेलं. म्हणजे तिनं हट्ट धरला आणि तुम्ही सोबत आले. जायला दोन दिवस, आणि पोचल्यावर एका नातलगाकडं तीन दिवस पडून राहून मग त्यांच्यासमोर बसता आलं. दमणाऱ्या माणसाचा दवाखाना एवढा लांब कुणी ठेवला असेल? पण त्यांनी तासभर ऐकलं. या आजाराला नाव आहे म्हणाले, पुस्तकात आहे, औषध मात्र नाही. हिला जेवढं झेपतं त्याच्या आतच राहू द्या, ओढून उठवलं की ही आणखी खचते. मग माझ्या नडग्यांवरचे वण बघून तुम्हाला विचारलं, "तुम्ही उठवत होता का?" तुम्ही फरशीकडं बघत म्हणाले, "हो साहेब." त्यांनी मला एक वही दिली. रोज काय केलं ते लिहायचं, कशानं किती दिवस पडले ते लिहायचं, आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं.

तुम्ही माफी मागितली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही सायकल घेऊन जंगलाकडच्या गावांना जाऊ लागले आणि पोत्यांत सावरीच्या झाडाचा कापूस आणू लागले. सावरीला छडी लागत नाही, पिंजणही लागत नाही. मारलं की ती नुसती उडून जाते. बोंडं फोडून बिया हातानं वेचाव्या लागतात. तुम्ही कितीतरी दिवस दुकान बंद ठेवून माझ्या खाटेशेजारी बसून बिया वेचत होते, मिशांना पांढरं चिकटलेलं. गादी शिवून झाली तेव्हा एवढंच बोलले, "याले मार चालत नाई." मला सगळं कळलं होतं. मी मुद्दाम भिंतीकडं तोंड करून झोपले. तुम्हाला द्यायला माझ्याकडं तेवढी एकच शिक्षा होती.

मग तुम्हाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी माझी सावरीची गादी तुम्हाला दिली, सगळे म्हणाले काय पोरगी आहे. एक दिवस अम्मी बाजारात गेली होती. तुम्ही गादीवरून घसरून अर्धे जमिनीवर आले आणि मी तुम्हाला उचलायला गेले. बगलेत हात घातले, ओढलं, तुम्ही हलले नाही. पुन्हा ओढलं. माझे गुडघे वाकले आणि मी तुमच्या अंगावर पडले. तुम्ही माझ्याकडं बघत होते. कुठून आलं माहीत नाही, पण माझ्या तोंडून तुमचाच आवाज निघाला, "उठा! काऊन पडून राह्यले? उठा!" छडी घरातच होती, तुम्हाला टेकायला म्हणून अम्मीनं दुकानातून आणलेली. आधी मी उजवीकडं मारलं. तिथं तुम्हाला काही कळत नाही हे लक्षात आल्यावर डावीकडं मारलं. खांद्यावर, बरगड्यांवर, ज्या हातानं तुम्ही तोंड झाकायला बघत होते त्या हातावर. गादीची खोळ फाटली, सावर घरभर उडाली, तुमच्या ओठांना, डोळ्यांना चिकटली. मी थांबले ती दया आली म्हणून नाही, हात उचलेना म्हणून. आणि खरं सांगते, मारत होते तोवर मला जराही थकवा नव्हता. एकोणिसाव्या वर्षानंतर पहिल्यांदाच अंगात बळ आलं होतं.

अम्मीला सांगितलं, अब्बा खाटेवरून पडले, तेव्हाच खोळ फाटली. वळ लपवायला मी तुम्हाला पूर्ण बाह्यांचा सदरा घातला. तुम्ही त्यानंतर दोन महिने जगले. मी जवळ आले की डावा हात पोटाशी घ्यायचे. मी सहा आठवडे उठले नाही.

तुम्ही गेल्यानंतर मी छडी परत दुकानातल्या खिळ्याला टांगली आणि मग वही घेऊन नागपूरला गेले. डॉक्टरांनी एकेक पान उलटलं आणि मी आडवी पडले त्या तारखेवर बोट ठेवून विचारलं. इतकं मोठं दुखणं, सहा आठवडे, आदल्या दिवशी काय केलं होतं? तिथं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, गादी झोडली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हे काम यापुढं दुसऱ्या कुणाला सांगत जा." मी हो म्हटलं.