बिनपात्यांचा सभासद

तीर्थस्वरूप वहिनींस,

धाकट्या दिराचे चार वर्षांचे साठलेले नमस्कार एकदम पोचावेत.

तुमची कंबर कशी आहे? वाचनालयातल्या वरच्या कप्प्यातली पुस्तकं अजून तुम्हालाच टाचा उंचावून काढावी लागतात, की मागितलेलं स्टूल एकदाचं मिळालं? पत्र घरी न पाठवता वाचनालयाच्या पत्त्यावर का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. फोनच करणार होतो. पण तुमचा फोन वाजला की आधी दादा उचलतो, माझा आवाज ऐकतो आणि अत्यंत सभ्यपणे "राँग नंबर" म्हणतो (हा अनुभव आहे, दोनदा). इकडे आम्ही बरे आहोत. बायकोचा आखडलेला खांदा सुटला, हात आता डोक्यापर्यंत वर जातो, त्यामुळे मी जपून असतो. चष्म्याचं दुकानही ठीक. लोकांची नजर दरवर्षी थोडी थोडी अधू होते आहे, त्यामुळे काळजीचं काही कारण नाही.

आता मूळ विषयाकडे यायचं तर वाटेत पंखा लागतो. बाबांचा टेबलफॅन. वडिलांचं घर रिकामं केलं त्या दिवशी तुम्ही आत चहा करत होतात, म्हणून तुम्हाला दादाची बाजू तेवढी माहीत आहे. माझी अशी. तो पंखा आमच्या लहानपणापासून मान फक्त डावीकडे वळवायचा. डावीकडे दादाची कॉट. उजवीकडे मी. म्हणजे सगळं बालपण दादाला वारा मिळाला आणि मला नुसता आवाज. इतक्या वर्षांनी निदान एकदा त्याची मान माझ्याकडे वळवावी म्हणून, दादा यायच्या आधी, मी तो उघडला. त्यातलं शर्टाच्या गुंडीएवढं एक दातेरी चाक कुठेतरी घरंगळलं. तेवढ्यात दादा दारात. "तू उघडलेलं काही आजवर बंद झालंय का?" एवढंच म्हणाला. मी म्हणालो, मग ने तुझा पंखा. तो म्हणाला, नेतोच. त्याने मोटार आणि बैठक उचलली, मी पाती आणि जाळी उचलली, आणि दोन शिकलेली, केस पिकलेली माणसं अर्धा अर्धा पंखा काखेत मारून दोन दिशांना गेली. तेव्हापासून अबोला. त्याच्याकडे वारा न देणारी मोटार, माझ्याकडे न फिरणारी पाती.

ती पाती समोर ठेवून ठेवून मला पंख्यांचा नाद लागला. इंटरनेटवर 'जुने टेबलफॅन मंडळ' आहे, तिथे शिरलो. एकशे बारा सभासद. कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नाही, पण एकमेकांच्या मोटारी ओळखतो. एक दाताचे डॉक्टर आहेत, एक बेकरीवाला आहे, एक जहाजावरचे निवृत्त कप्तान आहेत (असं ते म्हणतात). तिथे माझं नाव 'झुळूक', आणि नावाशेजारी आपल्या त्या तीन पात्यांचा फोटो. दोन वर्षांपूर्वी मी तिथला स्वागतप्रमुख झालो. हे पद मीच काढलं, मीच सुचवलं, कोणी विरोध केला नाही, कारण सूचना कोणी वाचतच नाही. नव्या माणसाला दहा प्रश्न विचारायचे, पंख्याचा फोटो मागायचा, मागाहून मोटारीचा आवाज रेकॉर्ड करून टाकायला लावायचा, हे माझं काम. नुसत्या आवाजावरून आमची मंडळी रोग सांगतात. घरात नवरा-बायकोही एकमेकांचं इतकं लक्षपूर्वक ऐकत नसतील.

सहा महिन्यांपूर्वी एक नवीन सभासद आले. 'नाव' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'सांगण्याची गरज नाही'. यंत्र बिचारं सरळमार्गी, त्याने तेच नाव धरलं. मग 'सांगण्याची गरज नाही यांनी मंडळात प्रवेश केला आहे', 'सांगण्याची गरज नाही लिहीत आहेत' असं पडद्यावर दिसू लागलं. दोन दिवसांत मंडळाने त्यांचे गरजनाहीभाऊ करून टाकले. फोटो आला तो पाहून मी थक्क झालो. पांढऱ्या कागदावर पंख्याचा एकेक स्क्रू मांडलेला, प्रत्येकाभोवती पेन्सिलीची रेघ, प्रत्येकाला क्रमांक. माझ्या दहा प्रश्नांना उत्तरंही तशीच. पंखा कुठून मिळाला? वडिलांकडून. पाती किती? शून्य. पात्यांचं काय झालं? सांगण्याची गरज नाही. तक्रार काय? मान वळत नाही. उजवीकडे तर पूर्वीही वळत नव्हती. कारण? सतरा दात्यांचं एक चाक हरवलं आहे. कोणी हरवलं? (हा प्रश्न यादीत नाही, मी आपला उत्सुकतेपोटी घातला.) सांगण्याची गरज नाही. कळावे.

वहिनी, तुम्ही इथे कपाळाला हात लावला असणार. आमच्या हिनेही लावला होता. माझ्या खांद्यावरून वाचून म्हणाली, "हे तर भावोजींसारखं लिहितायत." मी तिला म्हटलं, जगात नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन एकटा माझा भाऊच आहे का? मला वेगळाच संशय होता. ग्रीस घालावं की तेल, या वादावरून आमच्यातले नऊ जण फुटून निघाले आणि त्यांनी दुसरं मंडळ काढलं. गरजनाहीभाऊ हा त्यांचा हेर, अशी माझी खात्रीच पटली. पात्यांशिवाय पंखा कोण दुरुस्त करायला घेतो? दिवसभर लोकांना 'खालची ओळ वाचा' म्हणणारा मी, मला वरची सगळ्यांत मोठी अक्षरंही वाचता आली नाहीत.

हेराचं पितळ उघडं पाडायचं म्हणून मी त्याच्याशी खाजगीत बोलायला लागलो. रोज सकाळी साडेनऊला, दुकानाचं शटर अर्धं वर करून, गिऱ्हाईक यायच्या आत. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "तुमच्या फोटोतलं तिसरं पातं वाकलेलं आहे. ते कोणी वाकवलं?" मी बाणेदारपणे लिहिलं, "माझ्या थोरल्या भावाने." (तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. मी आठवीत असताना चालू पंख्यावर ओला टॉवेल वाळत घातला होता.) बराच वेळ 'सांगण्याची गरज नाही लिहीत आहेत' असं दिसत राहिलं. मग एकच शब्द आला. "असं?"

पण वहिनी, माणूस मोठा चांगला निघाला हो. मी 'तेल घाला' म्हटलं की तो विचारायचा, किती थेंब. मी 'अंदाजाने' म्हटलं की दुसऱ्या दिवशी तीन थेंब घातल्याचं कळवायचा. हरवलेल्या चाकाचं त्याने दहापट मोठं चित्र काढून पाठवलं, इतकं देखणं की मी ते छापून दुकानात लावलं. आता डोळे तपासायला आलेले लोक मला विचारतात, हे कोणत्या आजाराचं आहे. मला सर्दी झाली तर तो वाफ घ्यायला सांगायचा आणि संध्याकाळी घेतली का विचारायचा. हळूहळू पंखा बाजूला राहिला आणि मी त्याला घरचं सांगायला लागलो. म्हणजे दादाचं. काय काय लिहिलं ते तुम्हाला सांगताना लाज वाटते, पण लपवत नाही. आमचा थोरला पट्टी गिळून जन्माला आला आहे, असं लिहिलं. तो हसला तर दोन साक्षीदार बोलवावे लागतात, असं लिहिलं. मी पोहायला शिकलो तेव्हाही त्याने काठावरून फक्त माझ्या चुका मोजल्या, असंही लिहिलं. त्यावर गरजनाहीभाऊंचं उत्तर आलं, "मोजत होता म्हणजे तुमच्याकडेच बघत होता. मला तर ते गृहस्थ समंजस वाटतात." मी चिडून लिहिलं, तुम्हाला असला भाऊ असता तर कळलं असतं. तो म्हणाला, "मला धाकटा आहे. मंद आहे, पण वाईट नाही." मी त्या अनोळखी धाकट्याची मनापासून कीव केली.

आता गेल्या मंगळवारकडे येतो. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे मी गरजनाहीभाऊंना मोटारीचा आवाज टाकायला सांगितला. त्यांनी टाकला. बावीस सेकंद. पहिली पंधरा सेकंद घरघर. सोळाव्या सेकंदाला मागून स्वच्छ, खणखणीत आवाज, "सख्ख्या भावाशी चार वर्षं अबोला, आणि त्या बोडक्या पंख्याला कान लावून बसा. दूध उतू जातंय." पुढे घरघर, आणि धावती पावलं.

वहिनी, तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. माझ्या लग्नात आचारी पळून गेला तेव्हा तुमच्या ह्याच आवाजाने दीडशे माणसं जेवली होती. चार मिनिटांत त्याने ते रेकॉर्डिंग काढून टाकलं, पण तोवर मंडळाने ऐकलं होतं. दाताचे डॉक्टर म्हणाले, मोटारीचा बुश झिजला आहे. कप्तान म्हणाले, बुश ठीक आहे, दूध बघा. बेकरीवाला म्हणाला, बाईंचं म्हणणं बरोबर आहे. मी ते उतरवून घेतलं होतं. अकरा वेळा ऐकलं. आधी हसू आलं, मग सहा महिन्यांत काय काय लिहिलं ते आठवून घाम फुटला, आणि मग समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना रडूच कोसळलं. त्या गृहस्थांना वाटलं, त्यांचा नंबर वाढल्याचं मला दुःख झालं. तेच मला धीर देत होते, "चालायचंच हो, वय झालं."

पत्राचं कारण इतकंच. मला कळलं आहे हे कृपा करून दादाला कळू देऊ नका. कळलं तर तो त्याच मिनिटाला मंडळ सोडील, आणि मग सकाळी साडेनऊला मी काय करू? गावभर सांगत फिरतो की भावाशी चार वर्षं बोललो नाही. पण खरं म्हणजे सहा महिने रोज बोलतो आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच भांडण न होता. त्याला मी अनोळखी म्हणून आवडतो आहे. तेवढं राहू द्या. मला तो हवा आहे, वहिनी, बिनपात्यांचा तर बिनपात्यांचा. बाकी तब्येतीला जपा, दुधाकडे लक्ष असू द्या. उत्तर पाठवलंत तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा, म्हणजे ही खांद्यावरून वाचणार नाही.

तुमचा धाकटा दीर
(दादाच्या मते मंद, पण वाईट नाही)

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली, म्हणजे मुद्दामच ठेवली होती. ते चाक माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी चष्म्याच्या बारीक स्क्रूंच्या डबीत सापडलं. त्या दिवशी शर्टाच्या खिशातून घरी आलं असणार. तेव्हाच कळवायला हवं होतं, पण कळवलं असतं तर हरवलं होतं हे कबूल करावं लागलं असतं. काल भिंग लावून मोजले. सतरा दाते. सहा महिने मी त्याला तेल घालायला सांगतो आहे आणि चाक माझ्या ड्रॉवरमध्ये. हे मात्र त्याला सांगायलाच हवं, आणि लिहून सांगायचं धैर्य नाही.

ता. क. दुसरा. म्हणून असं करतो आहे. आज सकाळी मी स्वागतप्रमुख या नात्याने मंडळात नियम क्रमांक चौदा जाहीर केला. 'सहा महिने पूर्ण झालेल्या प्रत्येक नव्या सभासदाने आपला पंखा घेऊन येत्या रविवारी स्वागतप्रमुखाच्या घरी समक्ष हजर राहावे.' सहा महिने पूर्ण झालेला सभासद एकच आहे, पण नियम हा सर्वांना सारखा. तुमच्याकडे मागणं एवढंच, की रविवारी दादाला काही कामाला लावू नका, आणि तो निघायला का-कू करायला लागला तर मंगळवारचा आवाज पुन्हा एकदा काढा. पाती मी घासून ठेवली आहेत. वाकलेलं सरळ केलेलं नाही. ते कोणी वाकवलं हे आधी त्याच्यासमोर सांगायचं आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवून झालं होतं, ते वाफेवर धरून पुन्हा उघडलं (त्याने सर्दीसाठी सांगितलेली वाफ अशी कामाला आली). वरच्या सगळ्या विनंत्या रद्द समजा. नियम चौदावर नेहमीप्रमाणे मंडळात कोणी काही बोललं नाही. एकट्या सांगण्याची गरज नाही यांचं उत्तर आलं आहे, "अनुमोदन. पत्ता तोच ना?"

वहिनी, आमचा पत्ता मी मंडळात कधीच कोणाला दिलेला नाही. म्हणजे त्याला ठाऊक होतं, त्या "असं?"पासूनच. उत्तरादाखल मला फक्त 'हो' लिहायचं आहे. मघापासून प्रयत्न करतो आहे, पण अक्षरं नीट दिसत नाहीत, आणि चष्मा तर डोळ्यांवरच आहे.