दादा पायलट नव्हते

रवि., दि. १९ जाने.
सोसायटीचे सचिव मुकुंदराव सकाळी आले. २६ ला सभागृहात कै. दादांची तसबीर लावणार. धाकटा भाऊ या नात्याने अनावरण माझ्या हस्ते. होकार दिला. मग पाटीचा मजकूर दाखविला: 'हवाई दलाचे शूर पायलट'. होकार परत घेतला. दादा नॅव्हिगेटर होते, नकाशावरून विमानाची वाट आखणारे.
"काका, नॅव्हिगेटर किसको समझेगा? पायलट म्हटलं की बात खतम."
म्हणालो, ज्यास समजणार नाही तो विचारील.

मंगळ., २१
सूनबाई म्हणतात, "बाबा, एका शब्दासाठी काय अडून बसता? सगळे पायलटच तर म्हणतात."
म्हणतात. मी कधी म्हटलेले नाही. दादांना पुढे शिकता यावे म्हणून मी चौथीनंतर जुन्या इंदुरात किराणा दुकानी पुड्या बांधल्या. त्यातून घरात जो शब्द आला तो नॅव्हिगेटर. तो मी बदलू देणार नाही.

गुरु., २३
मुकुंदरावांनी तोड काढली. "को-पायलट लिहितो ना काका, दोघांचंही राहील."
नाही. दादा पायलटच्या शेजारी बसतच नसत. एकदा सुटीवर आले असता त्यांनी स्वयंपाकघरात आपले कॅनबेरा विमान मांडून दाखविले. मला स्टुलावर बसविले, स्वतः पुढे खाली पाटावर. "तू पायलट. डोक्यावर काच. संकट आलं तर तुझी खुर्ची तुला घेऊन बाहेर उडेल. मी इथे, विमानाच्या नाकात. माझी खुर्ची उडत नाही. मला उठून बाजूच्या दाराने जायचं."
आई पोळ्या लाटीत होती. म्हणाली, "मग त्या दाराला कडी लावू नकोस रे." आम्ही दोघे पोट धरून हसलो.
विमान पडले तेव्हा पायलट खुर्चीसह सुटले. भला माणूस. बाराव्यास येऊन आईच्या पायाशी बसून राहिला. दादा दारापर्यंत...

शनि., २५
मुकुंदरावांकडे पाटी आली, कापडात गुंडाळलेली; पाहावयास गेलो. काय लिहिले ते मुकुंदराव सांगेनात. "कल देख लेना काका, सरप्राइज आहे." चहा न घेता परतलो.
कोट इस्त्रीस दिला आहे. माझी खुर्ची मंचावर मधोमध ठेवली आहे म्हणे. मी दाराशी बसेन. कापड मीच काढीन, मोठ्याने वाचीन. शब्द चुकीचा असल्यास हार हातातच राहील आणि मी निघेन.
सूनबाईंना सांगून ठेवले आहे, सभागृहाच्या दाराला कडी लावू देऊ नका.