सावेडीचे घर आणि अंगणातला रोशा

मी, जया कानिफनाथ दरंदले, वय ४७, व्यवसाय शिक्षिका, राहणार सावेडी, अहिल्यानगर, हे पूर्ण शुद्धीवर लिहिते आहे. औषधांनी अंग गळून जाते, पण डोके जागेवर आहे. कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. माझ्यामागे कुणी भांडू नये, एवढाच हेतू.

१. माझ्या दिवंगत पतीचे मनगटी घड्याळ व मोटारसायकल दीर गोरक्षनाथ यांना द्यावी. "वहिनी, गवत काय पोसायचं असतंय व्हय? फरशी टाका, गाडी तरी लागंल," असे ते अंगणातल्या गवतावरून दहा वर्षे ऐकवत आले. राग धरून ठेवायचाही आता कंटाळा आला आहे. घड्याळ चालू आहे.

२. पुस्तके माझ्या शाळेला. दागिने व बँकेतील शिल्लक मुलगी संस्कृती हिला.

३. अंगणातल्या गवताविषयी. घर बांधले त्या वर्षी कानिफनाथांनी गावच्या गायरानातून रोशा या सुवासिक गवताचे तीन ठोंब आणून कुंपणाशी लावले. दिवाळीच्या सुमारास तांबूस तुरे त्यांच्या डोक्याच्या वर जात. पान चुरगळून ते माझ्या नाकाशी धरत. ते गेल्यावर मी ते गवत सांभाळले. होळीनंतर वीतभर ठेवून कापायचे, एवढेच काम. उन्हाळ्यात ते पार वाळते, मुळे मात्र जिवंत असतात. हे मी संस्कृतीला कधी सांगितले नाही. चूक माझी.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये माझे ऑपरेशन झाले. आई घरी येईल तेव्हा अंगण छान दिसावे म्हणून तिने ते वाळके ठोंब खणून काढले आणि गुलाबाच्या बारा कुंड्या मांडल्या. मी रिक्षातून उतरले आणि रिक्षावाल्यासमोर म्हणाले, "बापाला दुसऱ्यांदा मारलंस तू."

ती म्हणाली, "आई, मला ते मेलेलं वाटलं गं."

ती पुण्याला गेली, ती आजवर आलेली नाही. त्याच वर्षी आषाढात कुंपणाच्या दगडाखालून एक कोंब वर आला. मुळाचा तुकडा राहून गेला असावा. आज तो माझ्या खांद्याला लागतो. तिला कळवायला मी दोनदा फोन उचलला आणि ठेवून दिला.

४. राहते घर अंगणासह संस्कृतीचे. "मात्र गवत काढू नये" अशी ओळ इथे होती. साक्षीला आलेले बन्सीभाऊ म्हणाले, "ताई, अट काढली तर गवताचं काय व्हायचं?" मी म्हटले, "तिला नको असलं तर जाईल." ती ओळ मी स्वतः खोडली असून शेजारी सही केली आहे. घर तिचे आहे. तिने गुलाब लावावेत, फरशी टाकावी, काहीही करावे.

५. हे वाचण्यासाठी तिला माझ्या मरणाची वाट पाहावी लागू नये. एक प्रत आजच पोस्टाने तिच्या पत्त्यावर पाठवत आहे. शनिवारी, रविवारी मी घरीच असते.

सही: जया कानिफनाथ दरंदले

आमच्यासमोर सही केली:
१. बन्सी सहादू गाडेकर, सावेडी
२. माधुरी अजिनाथ पठारे, शेजारी

सावेडी, अहिल्यानगर. दि. ७ नोव्हेंबर २०२५