खोट्या गवताखालची विहीर

मी, श्रीमती विनता गुणवंत मुळ्ये, वय शहात्तर, डाक विभागातून निवृत्त, राहणार कांचघर, जबलपूर, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय माझ्या मालमत्तेची ही अखेरची व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. अंबरीश नेने यांचा दाखला सोबत जोडला आहे. हा दाखला माझा मुलगा आल्हाद याच्यामुळे लागला. "आईचं आताशा काही खरं नाही," असे तो वर्षभर नातेवाइकांत सांगत फिरतो आहे. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सगळे त्यालाच दिले होते. ते रद्द समजावे.

कलम १. घर, अंगण आणि विहीर. कांचघरचे हे घर माझे दिवंगत पती गुणवंत यांनी आणि मी नोकरी करून घेतले. त्यांच्या पश्चात ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. हे घर मी आल्हादची मुलगी, म्हणजे माझी नात यशश्री हिला देते. ती सज्ञान आहे. मुलाला डावलून नातीला का, असे लोक विचारतील, म्हणून कारण येथेच लिहिते.

घर घेतले तेव्हा अंगणातली विहीर उन्हाळ्यात तळ गाठायची. गुणवंत गन कॅरेज फॅक्टरीत फिटर होते. त्यांनी सुटीच्या दिवशी छताच्या पन्हाळींना पाइप जोडले, विहिरीशेजारी गिट्टी आणि रेतीचा खड्डा केला आणि छतावरचे पावसाचे पाणी त्यातून गाळून विहिरीत सोडले. तेव्हापासून मे महिन्यात गल्लीत टँकरपुढे भांडणे व्हायची तेव्हा शेजारणी आमच्याकडे कळशा घेऊन यायच्या. गुणवंत याला पर्यावरण म्हणत नसत. ते याला पाणी म्हणत.

आल्हाद इमारती बांधणाऱ्या एका कंपनीत अभियंता आहे. त्याची पत्नी रश्मी फोनवरून लोकांना हिरवे जगणे शिकवते. तिचे व्हिडिओ पुष्कळ लोक पाहतात, यावरून लोकांजवळ वेळ किती आहे ते कळते. मी दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायचे तेव्हा ती पाहुण्यांसमोर म्हणायची, "मम्मीजी, कंजूसी की भी हद होती है." पुढे त्याच पिशव्या तिने "दादी के नुस्खे" म्हणून दाखवल्या. बांबूचे ब्रश, कागदाच्या नळ्या, झाडांची चित्रे छापलेल्या तागाच्या पिशव्या असे सगळे ती घरपोच मागवायची. एकेक ब्रश प्लॅस्टिकच्या फुगेवाल्या कागदात गुंडाळून यायचा. खत करण्याचा वर्ग घ्यायला ती मोटारीतून जायची आणि घरी भाजीची सालटी सुक्या कचऱ्यासकट एकाच थैलीत कोंबायची. मी बोलत नसे. घरात शांतता राहावी म्हणून माणूस किती मूर्खपणा सहन करतो!

मागच्या हिवाळ्यात मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला मुलीकडे, सुखदाकडे गेले. परत आले त्या दुपारी नव्या डोळ्याने पहिल्यांदा आपले अंगण पाहिले. हिरवेगार होते. मला क्षणभर आनंद झाला, हे कबूल करते. चप्पल काढून त्या हिरवळीवर पाय ठेवला, तर तळव्याला टोचले. प्लॅस्टिकचे गवत होते. विहिरीचा कठडा दिसेना.

"विहीर कुठे आहे?" मी विचारले.

"मम्मीजी, उसमें मच्छर हो रहे थे," रश्मी म्हणाली. "किचन नवीन केलं ना, त्याचा मलबा बाहेर न्यायचा म्हणजे ट्रॅक्टर, धूर, सगळं आलं. मग इथेच जिरवला. ज़ीरो वेस्ट."

मी आल्हादकडे वळले. "मला काहून विचारलं नाही?"

"विचारलं असतं तर तू हो म्हटलं असतं?"

"नाही."

"मग?"

त्याच्या त्या "मग?"चे उत्तर म्हणून हे मृत्युपत्र लिहिले आहे.

बोअर मारून झाली होती. विहिरीच्या जागी दुसरी गाडी उभी राहणार होती. तोवर त्या गवतावर बसून रश्मी धरणीमातेबद्दल बोलत असे. मी दुसऱ्या दिवशी रिक्षा केली, गोहलपुरात गेले आणि विहिरी उपसणारा नथ्थू आणि त्याची माणसे घेऊन आले. आल्हाद दारात आडवा आला.

"भैया, माताजी की तबीयत ठीक नहीं है. आप लोग जाइए."

नथ्थूने मला विचारले, "अम्मा, मकान किसके नाम है?"

"मेरे."

"तो फिर खोदते हैं," असे म्हणून त्याने त्या गवताची गुंडाळी करायला घेतली.

फरशीचे तुकडे निघाले, सिमेंटचे गोळे निघाले, जुने सिंक निघाले. गुणवंतांनी बसवलेले पाइप निघाले, वाकवून मोडलेले. ते पाहिल्यावर मी आत जाऊन बसले. बाहेर आल्हाद त्याच्या आत्याला फोन करून सांगत होता की आई घर खणून काढते आहे. बाप गेला तेव्हा हा मुलगा ज्या रडव्या आवाजात बोलला नव्हता, त्या आवाजात तो त्या दिवशी बोलला.

यशश्री कॉलेजातून आली ती दारातच उभी राहिली. मग ओढणी कमरेला बांधून अंगणात आली आणि घमेली ओढू लागली. रश्मी ओरडली, "तेरे एग्ज़ाम हैं!" पोरगी थांबली नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजी, मला माहीत होतं. मम्मीचा तो गवतवाला व्हिडिओ मीच शूट केला. मी तेव्हा काहीच बोलले नाही."

"आता बोलून राहिली ना," मी म्हटले. "चल, घमेलं धर."

पण पाणी लागले नाही. नथ्थू तळापर्यंत गेला, झरे सिमेंटने बुजले होते. त्या मे महिन्यात आमच्या दारात प्रथमच टँकर उभा राहिला, कारण रश्मीची बोअरही हवा ओकू लागली होती. शेजारणी रिकाम्या कळशा घेऊन परत गेल्या. आल्हाद माझ्याकडे पाहून हसला. "झालं समाधान?" एवढेच म्हणाला. ते हसू मी विसरलेले नाही आणि विसरण्याचा माझा विचारही नाही.

यशश्रीने गुणवंतांची हत्यारांची पेटी काढली. नवे पाइप आम्ही दोघींनी बसवले. ती शिडीवर, मी खाली शिव्या देत. गिट्टी धुतली, रेती बदलली. नथ्थू एकदा येऊन झऱ्यांची तोंडे छिन्नीने मोकळी करून गेला. पावसाळ्यात पाणी आले ते गढूळ, सिमेंटच्या वासाचे. दोनदा उपसून टाकले. दसऱ्याच्या सुमारास वाकून पाहिले तेव्हा तळातली वीट दिसली. शेजारच्या इंदिराबाईंनी पहिली कळशी भरली आणि माझ्या हातात दिली.

आल्हाद आणि रश्मी दिवाळीआधी नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथे तळमजल्यावर शोभेचा धबधबा दिवसभर वाहतो. यशश्री गेली नाही. घर तिचे, ते यासाठी. अटी दोनच: विहीर बुजवायची नाही आणि पाणी मागणाऱ्याला परत पाठवायचे नाही.

कलम २. बँकेतील शिल्लक. माझा अंत्यविधी उरकून जे उरेल त्यातील अर्धे सुखदाला आणि अर्धे विहिरीच्या डागडुजीसाठी यशश्रीकडे. सुखदाने माझ्याकडे कधी काही मागितले नाही, सल्लासुद्धा. सल्ल्याबद्दल माझा थोडा राग आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

कलम ३. हत्यारे व इतर वस्तू. हत्यारांची पेटी यशश्रीला. गुणवंत ज्या सायकलने नोकरी संपेपर्यंत फॅक्टरीत गेले ती नथ्थूला. तिचा ब्रेक करकरतो, त्याची तक्रार माझ्या माघारी ऐकली जाणार नाही. जुन्या साड्यांच्या गोधड्या, खसाचा कूलर आणि माठ घरातच राहावेत. एसी बसवायचा असल्यास यशश्रीने आधी खिडक्या उघडून पाहाव्यात.

कलम ४. रश्मी. तिचे बांबूचे ब्रश, नळ्या आणि तागाच्या पिशव्या माझ्या कपाटात पडून आहेत. बहुतेक अजून वेष्टनातच आहेत. ते सर्व तिला परत करावे. माझ्या धुतलेल्या दुधाच्या पिशव्या तिला देऊ नयेत. त्या वापरात आहेत.

कलम ५. आल्हाद. माझ्या मुलाला मी काहीच दिले नाही असे कोणी म्हणू नये. विहिरीतून निघालेला सर्व मलबा आणि प्लॅस्टिकच्या गवताची गुंडाळी अंगणाच्या कोपऱ्यात जपून ठेवली आहे. ते सर्व मी आल्हादला देते. त्याने माझ्या तेराव्याच्या आत ते स्वतःच्या खर्चाने उचलून न्यावे. जिरवायला जागा तो शोधीलच, अभियंता आहे.

कलम ६. अंत्यविधी. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले हार घेऊन येणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे. अस्थी नर्मदेत टाकू नयेत. तिच्यात आधीच लोकांनी बरेच पुण्य फेकले आहे. अंगणातल्या लिंबाच्या मुळाशी घालाव्यात. रश्मीने व्हिडिओ काढू नये.

कलम ७. भाषा. वकीलसाहेब म्हणाले, "माताजी, हिंदी में लिखवाइए, और बेटे वाली बात ज़रा नरम कर दीजिए." हिंदी अनुवाद त्यांनी खुशाल जोडावा. नरम काही करू नये.

मसुदा पुरा झाल्यावर मी तो यशश्रीकडून मोठ्याने वाचून घेतला. तिला मराठी समजते, पण वाचताना ती अडखळते. पाचव्या कलमाला ती थांबली.

"आजी, पापा आहेत ते माझे. हे एवढं काढून टाक ना."

"खोटं आहे काय?"

"नाही."

"मग वाच."

तिने वाचले. डोळ्यांतून पाणी येत होते, जोडाक्षरे चुकत होती, पण बापाबद्दलचा एकही शब्द तिने गाळला नाही आणि एकही हळू आवाजात वाचला नाही. तोवर मला या घराची थोडी काळजी होती. आता नाही.

हे सर्व वाचून, ऐकून, समजून मी खालील दोन साक्षीदारांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यादेखत सह्या केल्या. दोघांनाही या मृत्युपत्रात काही दिलेले नाही, आणि दोघांनीही त्याबद्दल तोंड वाकडे केले नाही.

(सही) विनता गुणवंत मुळ्ये

साक्षीदार:
१. (सही) इंदिरा वसंत खांडवे, शेजारीण, कांचघर
२. (सही) डॉ. अंबरीश नेने, जबलपूर

ठिकाण: जबलपूर
दिनांक: १९ जानेवारी २०२६