अर्ध्या टाकीचं दूध

ती. मावशीच्या पायांशी,

थोरल्या भाच्याचा वाकून नमस्कार (पाठ हल्ली पूर्वीसारखी वाकत नाही, पण मन पूर्ण वाकलेलं आहे). आम्ही सगळे इकडे मजेत आहोत, तूही मजेत असशील असं गृहीत धरतो, कारण तुझ्याकडून काही कळायला मार्ग नाही. गुडघा कसा आहे? डावाच ना गं? बावीस वर्षं क्लच दाबून दाबून गेलेला? काकांचा खोकला थांबला का? कामातून जरा मोकळा वेळ मिळाला आहे, म्हटलं निवांत पत्र लिहावं.

तू माझा फोन उचलत नाहीस. मागच्या आठवड्यात सतरा वेळा केला (मी मोजत बसलो नव्हतो, फोनच आकडा दाखवतो). कारण मला ठाऊक आहे. तू निवृत्त झालीस त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो की मावशीनं बावीस वर्षं केलं काय, तर दुधाला फिरायला नेलं आणि परत आणलं. लोक हसले. हसले म्हणून मी ते पुन्हा एकदा म्हणालो. माणूस एकदा बोलला तर ती चूक असते, दुसऱ्यांदा बोलला तर तो स्वभाव, असं तुझी भाचेसून तेव्हापासून रोज मला ऐकवते. ते असो.

तर बातमी अशी की गेले नऊ दिवस मीसुद्धा दुधाचा टँकर चालवतोय! सोळा वर्षं विटा वाहिल्या, आता बदल हवा होता. वीट हे तसं फार सभ्य सामान आहे. जिथे ठेवाल तिथे बसते, तुम्ही थांबलात की तीही थांबते, स्वतःचं मत म्हणून काही नसतं. दूध त्याहून सोपं असणार, अशी माझी खात्री होती. पहिले तीन दिवस गेलेही तसेच. काठोकाठ भरलेली टाकी, गाडी अशी चालली की मी एका हातानं केळं सोलून खाल्लं. (भरलेल्या टाकीत दुधाला हलायला जागाच नसते हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, माझ्या हाताला घाबरून गप्प बसलंय.)

चौथ्या दिवशी अर्धं दूध आइस्क्रीमच्या कारखान्यात उतरवलं आणि उरलेलं चीजच्या कारखान्यात पोचवायला निघालो. ओझं अर्धं म्हणजे काम अर्धं, असा साधा हिशोब करून मी शीळ घालत होतो. मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबला. काय सांगू मावशी, गाडी झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे बोटभर अंतर ठेवून अशी अलगद थांबली की मी आरशात स्वतःकडे एकदा कौतुकानं पाहून घेतलं आणि पाय जरा सैल सोडला.

आणि मग दूध आलं.

मला वाटलं मागून कुणीतरी ठोकलं. त्याला चार शब्द सुनावायला मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तर मागे लांबवर स्कूटरवर एक आजी, त्याही माझ्याकडेच बघत होत्या. तोवर माझी गाडी झेब्रा पट्ट्यांवर. मी घाबरून ब्रेक कचकन दाबला, तर दूध मागच्या भिंतीवर जाऊन आपटलं, तिथून वळलं आणि पुन्हा पुढे आलं. वाहतूक पोलीस शिट्टी फुंकत समोर येऊन उभा राहिला.

"सिग्नल दिसत नाही का?"

"मला दिसतो साहेब. दुधाला दिसत नाही."

हे मी उद्धटपणानं म्हणालो नव्हतो, झालेली गोष्ट सांगितली होती. त्याला ती पटणार नव्हती, पण तेवढ्यात तिसरी लाट आली, गाडीनं त्याच्या दिशेनं एक हिसका दिला आणि तो तीन पावलं मागे सरला. "अहो, गाडी थांबलीय ना?" असं त्यानं जरा मऊ आवाजात विचारलं. मी म्हणालो, गाडी थांबलीय, आतलं थांबायचंय. यावर त्यानं काय करावं? दोन्ही हात वर करून चौकाचे चारही रस्ते अडवले आणि ओरडला, "आधी याला जाऊ द्या!" मी शांतपणे हात हलवत मधून निघून गेलो. तुझ्यासाठी बावीस वर्षांत कधी चारही रस्ते थांबले होते का गं? (सहज विचारतोय.)

पुढे चौकातलं वाहतुकीचं वर्तुळ आलं. वळताना दूध एका बाजूला गेलं आणि तिथेच रेंगाळलं, त्यामुळे माझी एक बाजू हलकी आणि दुसरी जड, अशा अवस्थेत मी वर्तुळाला दोन फेऱ्या मारल्या. पहिली वळण चुकलं म्हणून, दुसरी वळण सापडलं पण धीर झाला नाही म्हणून. कारखान्यात पोचलो तेव्हा तपासणीच्या बाई टाकीवर चढल्या, झाकण उघडलं, आत पाहिलं आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. दुधावर लोण्याचे कण तरंगत होते.

"हे दूध आणलंत की घुसळलंत?"

मी अनुभवी माणसाच्या थाटात उलट प्रश्न केला की पेट्रोलच्या टाकीत आत आडवे पडदे असतात, लाटा अडवतात, तसे दुधाच्या टाकीत का घालत नाही? बाई म्हणाल्या, "आणि धुणार कोण? कोपऱ्यात पेलाभर दूध राहिलं तरी दुसऱ्या दिवशीचं सगळं नासतं. दुधाच्या टाकीत पडदा नसतो. पडदा ड्रायव्हरनं व्हायचं असतं." मग खाली उतरता उतरता स्वतःशीच म्हणाल्या, "आधी एक बाई यायच्या. त्यांच्या टाकीत दूध झोपून यायचं. उतरवताना उठवावं लागायचं."

मी म्हणालो, असतील कुणीतरी.

मालकांना हे सगळं कळलं (चौकातल्या आजी मालकांच्या सासूबाई निघाल्या). त्यांनी बोलावून शांतपणे सांगितलं की गुरुवारी अर्धी टाकी घेऊन मोठा उतार उतरायचा आहे. दूध नीट खाली पोचलं तर नोकरी पक्की, नाही तर विटा आहेतच. मी म्हणालो, मालक, निश्चिंत राहा, उतार म्हणजे माझ्या हातचा मळ. तेव्हा माझी तू बिलकूल काळजी करू नकोस. हात बसला आहे आणि आत्मविश्वास भरपूर आहे, एवढं कळवायलाच हे पत्र.

लहानांना पापा, काकांना नमस्कार, तुझा राग उतरला असेल तर तोही कळव.

तुझाच,
थोरला

ता. क. जेवणाच्या टेबलावर मी जे बोललो ते खोटं होतं. दोन्ही वेळा.

ता. क. आज गुरुवार आहे. तुझ्या मागच्या दारातून उताराच्या माथ्याकडे पाहिलंस तर पाण्याच्या उंच टाकीशेजारी एक पांढरा टँकर उभा दिसेल. तो माझा. सकाळी दहापासून उभा आहे. चाकांना चारही बाजूंनी दगड लावलेत. दोनदा काढले आणि दोनदा परत लावले. दूध चारपर्यंत थंड राहील, आता दीड वाजलाय. मोकळा वेळ म्हणालो तो हा. पत्र घेऊन येणारे गृहस्थ पाव विकतात, त्यांच्या टेम्पोत पुढच्या सीटवर एक माणूस बसू शकतो. तू काहीच करायचं नाहीस. गाडी मीच चालवीन. तू फक्त शेजारी बस आणि पाय कधी दाबायचा, कधी सोडायचा एवढं सांग. वाटलं तर सगळ्यांसमोर पुन्हा कधीच बोलू नकोस माझ्याशी, पण आज बोल.

ता. क. पाववाले अजून निघालेले नाहीत, सुटे पाव मोजतायत. पण खाली तुझं दार उघडलंय. निळी छत्री घेऊन तू चढ चढायला लागली आहेस. मावशी, तू सकाळपासून बघत होतीस का गं? चालत येऊ नकोस, आहेस तिथेच थांब, त्यांना आत्ताच्या आत्ता पिटाळतो. पत्र टेम्पोत वाच, फक्त सहीच्या वरचं सगळं सोडून दे.